पिवळ्या बल्बाची साक्ष

घरात एक दिवा वाढवायचा, हे खेड्यातलं विजेचं सगळ्यात नेहमीचं काम. नवी घरं गावात वर्षाला मोजकीच उभी राहतात. पण ओसरीवर, जिन्याखाली, गोठ्यात, मागच्या दारच्या न्हाणीत किंवा शौचालयात एखादा पॉइंट वाढवण्याचं काम बारा महिने चालू असतं. तापीकाठच्या सारंगखेड्यातही याहून वेगळं नाही. मार्गशीर्षात दत्तजयंतीची यात्रा तोंडावर आली, पाहुणे येणार, घोडेवाले येणार म्हटलं की अंगणात एक दिवा हवाच असतो. हे काम नीट झालं की नाही, हे ठरवण्याची कसोटी मात्र सगळीकडे एकच आहे : बटण दाबलं, दिवा लागला, काम झालं. विजेच्या कामात राहिलेल्या माणसाला या कसोटीचा अपुरेपणा पूर्वीपासून माहीत आहे. माझं म्हणणं त्याच्या पुढचं आहे. एलईडी बल्ब घराघरांत पोचल्यापासून ही कसोटी नुसती अपुरी राहिलेली नाही, ती फसवू लागली आहे. लागलेला दिवा आता त्याच्या मागच्या वायरिंगबद्दल काहीच सांगत नाही, आणि म्हणूनच एका जादा दिव्याचं काम पूर्वीपेक्षा जास्त शिस्तीने करायची वेळ आली आहे.

याचं कारण साध्या हिशेबात आहे. जुना पिवळा बल्ब शंभर वॉटचा असेल तर तो २३० व्होल्टवर साधारण ०.४३ अँपिअर घेतो. वायरच्या वाटेत कुठे सैल जोड असेल आणि त्या जोडाचा रोध समजा ५० ओहम असेल, तर तो जोड वीस व्होल्ट खाऊन टाकतो. तारेच्या बल्बाचा उजेड व्होल्टेज पडलं की त्याच्या कितीतरी पट वेगाने पडतो. वीस व्होल्ट गेले तर उजेड जवळपास पाव हिश्शाने उतरतो. शेजारच्या खोलीतला बल्ब लख्ख आणि हा मरगळलेला, हे घरातल्या कोणालाही दिसतं. जोड हलला की बल्ब फडफडतो. आजी सुद्धा सांगते, ‘त्या दिव्याची वायर बघून घ्या.’ आता त्याच जोडामागे ९ वॉटचा एलईडी लावा. तो घेतो ४० मिलीअँपिअरच्या आसपास, पॉवर फॅक्टर कमी असेल तर त्याहून थोडा जास्त. पन्नास ओहमच्या जोडात त्याचे जेमतेम दोन व्होल्ट जातात. शिवाय त्याच्या पोटात ड्रायव्हर आहे. पुष्कळ बल्बांच्या खोक्यावर १०० ते ३०० व्होल्ट असा पल्ला छापलेला असतो. म्हणजे वाटेत कितीही पडझड असली तरी दिवा तसाच पांढराशुभ्र. ग्राहकाच्या दृष्टीने हा बल्बाचा गुण आहे, आणि तो खरोखरच गुण आहे. पण त्या गुणापायी घरातला एक साक्षीदार गेला. जुने वायरमन आपल्या पिशवीत होल्डर, दोन वायरी आणि एक पिवळा बल्ब अजून बाळगतात, त्याचं कारण हेच. नुसता टेस्टर वायरमध्ये व्होल्टेज आहे एवढंच सांगतो. ती वायर काही ओझं उचलू शकते का, हे तो बल्ब सांगतो.

पहिला आक्षेप इथेच येतो आणि तो बिनतोड वाटतो. नऊ वॉट म्हणजे काहीच नाही. इतक्या क्षुल्लक लोडसाठी एवढा विचार कशाला? लोडपुरतं हे खरं आहे. राष्ट्रीय विद्युत संहितेत दिवे-पंख्यांच्या एका सर्किटवर दहा पॉइंट आणि आठशे वॉट अशी मर्यादा दिलेली आहे. आठशे वॉटांत नऊ वॉट कुठेही बसतात. पण धोका लोडने मोजायचा नसतो. करंट कुठे गळू लागला की वीज तोडणाऱ्या घरगुती आरसीसीबीवर ३० मिलीअँपिअर असं लिहिलेलं असतं, कारण तेवढा करंट माणसाच्या छातीतून काही क्षण गेला तर जीव धोक्यात येतो. आपला नऊ वॉटचा बल्ब नुसता पेटायलाच त्याहून जास्त करंट घेतो. जो करंट एक छोटा दिवा लावायला पुरतो तो माणूस मारायला पुरतो, ही गोष्ट ‘फक्त नऊ वॉट’ म्हणताना लक्षात येत नाही. देशात विजेच्या धक्क्याने दरवर्षी दहा हजारांहून जास्त माणसं जातात, असं राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालांत दिसतं. त्यातले बरेच मृत्यू शेतातल्या मोटारींवर आणि उघड्या तारांवर होतात हे मान्य. पण घरातल्या ओल्या भिंतीवरच्या होल्डरमध्ये आणि शेतातल्या स्टार्टरमध्ये वीज एकच असते.

याला जोडूनच म्हटलं जातं, की आता घरोघर एमसीबी आहे, काही झालं तर ती पडेल. एमसीबी वायर जळू नये म्हणून असते, माणूस वाचावा म्हणून नाही. सहा अँपिअरच्या एमसीबीला ४० मिलीअँपिअर दिसतच नाहीत. माणूस चिकटून राहिला तरी तिच्या लेखी एक बल्ब चालू आहे, इतकंच.

सारंगखेड्यात आणि एकूणच नंदुरबार जिल्ह्यात हा प्रश्न जास्त का बोचतो, हे समजायला घरांना वीज कशी मिळाली ते पाहावं लागतं. हा जिल्हा १ जुलै १९९८ ला धुळ्यातून वेगळा झाला, त्याच्या आधीपासूनच इथल्या गरीब वस्त्यांना वीज आली ती एका दिव्याने. १९८८-८९ मध्ये केंद्राची कुटीर ज्योती योजना आली. तिच्यात दारिद्र्यरेषेखालच्या घराला एका पॉइंटची जोडणी मिळायची. पुढे सप्टेंबर २०१७ मध्ये सौभाग्य योजना आली, तिच्यातही घरापर्यंतची वायर, मीटर, एका दिव्याचा पॉइंट, एलईडी बल्ब आणि मोबाइल चार्जिंगची सोय, असाच संच होता. अंधारातल्या घरात पहिला दिवा पोचवणं हे मोठं काम होतं, त्याला कमी लेखायचं नाही. पण एका पॉइंटवर कोणतंच घर थांबत नाही. चूल एका खोलीत, अभ्यास दुसऱ्या खोलीत, गुरं बाहेर. दुसरा दिवा लागणार हे योजना आखतानाच उघड होतं, आणि तो दुसरा दिवा कुणाच्याच अंदाजपत्रकात नव्हता. तो घराने आपला आपण जोडला, पहिल्याच्या वायरला सोलून. तिसरा दुसऱ्याला. मीटरपर्यंतची जबाबदारी वीज कंपनीची, मीटरच्या पुढची ग्राहकाची. त्यामुळे या वाढत गेलेल्या जाळ्याकडे अधिकाराने बघणारा माणूसच कोणी नव्हता. शौचालयांचं तेच झालं. २०१४ नंतर स्वच्छ भारत मोहिमेत परसात शौचालयं उभी राहिली, पण त्यांत दिवा घराने स्वतः ओढून नेला. ओली फरशी, अनवाणी पाय, लोखंडी दार आणि पत्र्यावरून गेलेली वायर असं सगळं एकत्र येणारी जागा घरात दुसरी नाही.

इथे मला आणखी एका आक्षेपाचं उत्तर द्यायचं आहे, कारण तो वडीलधारी माणसं मांडतात आणि त्यांचा अनुभव खोटा नसतो. पूर्वी दोन वायरींवरच सगळं चालायचं, अर्थिंगबिर्थिंग कुणी बघितलं, तरी पन्नास वर्षांत काही झालं नाही, असं ते म्हणतात. खरं आहे, पण ते घर वेगळं होतं. खानदेशातलं जुनं धाब्याचं घर म्हणजे मातीच्या भिंती, लाकडी खांब, वर कडीपाट आणि मातीचा थर. वायरिंग लाकडी पट्टीवर, बल्ब माजघराच्या मधोमध वायरला लोंबणाऱ्या बॅकेलाइटच्या होल्डरमध्ये, खाली शेणाने सारवलेली कोरडी जमीन. हात लावायला लोखंड नव्हतंच. आता त्याच जागी सिमेंटची भिंत आहे, ती पावसाळ्यात पाणी धरते. लोखंडी खिडक्या, पत्र्याचं छप्पर, लोखंडी अँगल, फ्रीज, कूलर, पाण्याची मोटर. दिवाही बल्बच असेल असं नाही. धातूच्या पाठीचं पॅनल किंवा लांब पट्टी असते. उन्हाळ्यात इथला पारा चाळिशीच्या वर जातो आणि छपराचा पत्रा त्याहून कितीतरी जास्त तापतो. वायरच्या पीव्हीसी आवरणाची मर्यादा सत्तर अंशांची. पत्र्याला तारेने बांधलेली वायर दोन-चार उन्हाळे काढते, मग तिचं आवरण कडक होतं, तडकतं, आणि पत्र्याची धार उरलेलं काम करते. घर बदललं, वायर ओढायची रीत मात्र धाब्याच्या घरातलीच राहिली.

आता प्रत्यक्ष जोडाकडे येऊ, कारण जादा दिव्याच्या कामातलं निम्मं पाप तिथेच असतं. सोयीची पद्धत अशी : जवळून जाणारी वायर पकडायची, मध्ये तोडायची किंवा ब्लेडने सोलायची, नवी वायर गुंडाळायची, वरून चिकटपट्टी. नुसती सोलून गुंडाळली तर मूळ तार निदान अखंड राहते, पण ब्लेडने तिच्या काही बारीक तारा तुटतातच. तोडून पीळ दिला, तर त्या वायरवर पुढे जे काही आहे त्या सगळ्याचा करंट या पिळातून जाऊ लागतो. समजा पुढे प्लग आहे आणि त्यावर हजार वॉटची इस्त्री चालते. इस्त्री ४.३ अँपिअर घेते. पिळाचा रोध अवघा एक ओहम असला, तरी त्या पेरभर जोडात एकोणीस वॉट उष्णता तयार होते. रेडिओ दुरुस्तीवाल्याचं कथील वितळवणारं छोटं सोल्डरिंग आयर्न पंचवीस वॉटचं असतं. ती उष्णता चिकटपट्टीच्या आत, लाकडी पट्टीला किंवा केसिंगच्या प्लास्टिकला चिकटून बसलेली असते. जुन्या पट्टी फिटिंगमध्ये बहुधा अॅल्युमिनियमची वायर असते, आणि नवी वायर तांब्याची. हे दोन धातू उघड्यावर एकमेकांना पिळले की दमट हवेत सांध्यावर गंज धरतो. अॅल्युमिनियमवर तर ऑक्साइडचा थर असतोच, तो वीज अडवतो. अॅल्युमिनियम मऊ असल्यामुळे तापून-थंडावून सैलही पडतं. असा जोड आज चांगला असतो आणि दोन वर्षांनी वाईट होतो. या सगळ्या काळात त्याच्यावरचा एलईडी मात्र पहिल्या दिवसासारखाच पेटलेला असतो.

याला उपाय अवघड नाही. वाटेत कुठेही जोड न देता नवी वायर स्विचबोर्डातून किंवा होल्डरच्या पेचातून उचलायची. यालाच कामातली माणसं लूपिंग म्हणतात : फेज स्विचपासून स्विचपर्यंत, न्यूट्रल दिव्यापासून दिव्यापर्यंत, आणि प्रत्येक सांधा पेचाखाली, डब्यात, उघडून पाहता येईल असा. वायर थोडी जास्त लागते, भिंतीला पट्टी थोडी जास्त मारावी लागते. अॅल्युमिनियमची वायर असेल तर तिला हात न लावता दीड चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर थेट मेन बोर्डापासून आणलेली बरी. जोड घेणं अटळच असेल तर पेचाचा कनेक्टर आणि झाकणाचा डबा. चिकटपट्टी म्हणजे जोड नव्हे. तिच्याखाली काय चाललंय ते कुणाला दिसत नाही, आणि इथल्या उन्हाळ्यात तिचा डिंक एका मोसमात सुटतो.

न्यूट्रलचा विषय याहून नाजूक आहे, कारण त्यात चूक करूनही दिवा हमखास लागतो. सगळ्यात सर्रास दिसणारी चूक म्हणजे स्विच न्यूट्रलवर घेणं. बटण बंद केलं की दिवा विझतो, म्हणून कुणाला शंका येत नाही. पण होल्डरमध्ये फेज तसाच उभा असतो. बल्ब बदलायला स्टुलावर चढलेला माणूस बटण बंद आहे या विश्वासावर होल्डरला हात लावतो. या एका बाबतीत एलईडी उपयोगी पडतो. बटण बंद केल्यावरही रात्री बल्ब मंद धुगधुगत राहिला किंवा मधूनच लुकलुकला, तर स्विच न्यूट्रलवर असल्याची ती खूण असू शकते. लाल इंडिकेटरच्या स्विचमुळे किंवा लांबवर शेजारी-शेजारी गेलेल्या वायरींमुळेही असं होतं, त्यामुळे तेवढ्यावर निकाल द्यायचा नाही, पण बोर्ड उघडून बघायचंच. लोक बल्ब खराब म्हणून बदलतात. दुसरी चूक उसन्या न्यूट्रलची : फेज एका सर्किटचा, न्यूट्रल जवळ पडतो म्हणून दुसऱ्याचा. दिवा लागतो. मग एखाद्या दिवशी कुणी एक एमसीबी पाडून काम करायला बसतो आणि ‘बंद’ सर्किटच्या न्यूट्रलमधून दुसऱ्याचा करंट वाहत असतो. घरात सर्किटवार आरसीसीबी असतील तर हा दिवा लावताच त्या पडतात, आणि इथे अनेक घरांत जे होतं ते सगळ्यात वाईट : आरसीसीबी ‘उगाच पडते’ म्हणून तिला बायपास केलं जातं. ती उगाच पडत नसते. या घरात तेवढी एकच वस्तू खरं बोलत असते.

तिसरा प्रकार न्यूट्रल म्हणून अर्थिंग वापरण्याचा. गोठ्यापर्यंत दोन वायरी कशाला, एक फेज न्यावा आणि दुसरं टोक जमिनीत ठोकलेल्या सळईला बांधावं. तारेच्या बल्बाच्या काळात ही युक्ती पुष्कळदा आपोआप उघडी पडायची, बल्ब अर्धवट जळायचा. पन्नास ओहमच्या सळईवर एलईडीचे दोनच व्होल्ट जातात, त्यामुळे आता ती बेमालूम चालते. पण त्याच सळईवर हजार वॉटचं काही लागलं, तर निम्म्याच्या आसपास व्होल्टेज त्या सळईवर आणि तिला जोडलेल्या प्रत्येक धातूवर चढतं, शंभर व्होल्टच्या वर. आणि सळईचं टोक गंजून सुटलं, तर काहीच लोड नसताना नुसत्या त्या बल्बामार्फत फेज येऊन अर्थिंगच्या वायरवर बसतो. ज्या वायरने वाचवायचं तीच मारणारी होते. त्या गोठ्यातलं जनावर लोखंडी खुंट्याला, लोखंडी साखळीने बांधलेलं असतं. चार पायांच्या जनावराचे पुढचे आणि मागचे खूर एकमेकांपासून बरेच लांब असतात, त्यामुळे जमिनीत वीज उतरत असली की माणसाच्या दोन पावलांपेक्षा त्याच्या खुरांमध्ये जास्त व्होल्टेज येतं, आणि ते थेट छातीतून जातं. घोड्याच्या तर पायाला लोखंडी नाल असते. दरवर्षी एकमुखी दत्ताच्या यात्रेला जिथे देशभरातून घोडे येतात, जिथे यात्रेबरोबरच भरणाऱ्या चेतक फेस्टिव्हलच्या दिवसांत तंबू, पत्रे आणि खांब यांच्यात शेकडो तात्पुरते दिवे लागतात, त्या सारंगखेड्याला ही गोष्ट वेगळी सांगायची गरज नसावी. तात्पुरत्या दिव्याला कायमच्या दिव्यापेक्षा कमी शिस्त चालते, ही समजूत उलटी आहे. तात्पुरती वायर जमिनीवरून जाते, तिच्यावरून पाय, चाकं आणि खूर जातात; तिलाच दुहेरी आवरणाची केबल आणि आरसीसीबी सगळ्यात आधी हवी.

अर्थिंगबद्दल एक प्रामाणिक शंका जाणकारही घेतात. प्लास्टिकचा बल्ब, बॅकेलाइटचा होल्डर. यात अर्थ करायला धातू आहेच कुठे, मग तिसरी वायर कशाला? आजच्या दिव्यापुरतं ते बरोबर आहे. पण भिंतीतला पॉइंट बल्बापेक्षा खूप जास्त जगतो. आज तिथे बल्ब आहे, उद्या धातूचं पॅनल येईल, परवा तिथूनच कुणी पंखा किंवा कूलरचा प्लग काढेल, कारण पॉइंट तयार आहे. तेव्हा भिंत पुन्हा कुणी उघडणार नाही. म्हणून दोन वायरी ओढताना तिसरी हिरवी वायर त्याच पट्टीतून ओढून ठेवायची.

आता ती हिरवी वायर जाते कुठे, हा प्रश्न उरतो. तापीखोऱ्यातली काळी जमीन कापसाला-केळीला उत्तम, अर्थिंगला पावसाळ्यात उत्तम आणि उन्हाळ्यात अवघड. मे महिन्यात तिला भेगा पडतात, पाइपाभोवतीची माती आकसून पाइप सोडते, आणि रोध काही पटींनी वाढतो. अडीच मीटरचा पाइप, भोवती कोळसा-मीठ आणि वरून पाणी घालायला नरसाळं, ही जुनी पद्धत याचसाठी होती. नरसाळ्यात पाणी घालणं मात्र कुणाच्या लक्षात राहत नाही. साधा हिशेब बघा. अर्थिंग वीस ओहमचं असेल आणि धातूच्या फिटिंगला फेज लागला, तर साडेअकरा अँपिअर वाहतात. सहा अँपिअरची एमसीबी पडते, पण तापून, काही सेकंदांनी, वेळेला मिनिट लावून. तेवढा वेळ फिटिंग जिवंत. अर्थिंग पन्नास ओहमचं असेल तर ४.६ अँपिअर, एमसीबी कधीच पडत नाही. म्हणजे एकटं अर्थिंग पुरत नाही. त्याच पन्नास ओहमवर ३० मिलीअँपिअरची आरसीसीबी लावली की ती सेकंदाच्या छोट्याशा हिश्शात पडते. काळ्या जमिनीतल्या घराला जादा दिव्यापेक्षा आधी आरसीसीबी हवी, असं मी म्हणतो ते यामुळे. तिचीही मर्यादा सांगायला हवी : फेज आणि न्यूट्रल दोन्ही एकदम हाताला लागले तर ती पडत नाही, आणि तापणारा जोड तिला कळत नाही. म्हणून वरचं जोडाचं सगळं शिस्तीनेच करावं लागतं.

सगळ्यात वजनदार आक्षेप पैशाचा आणि कायद्याचा आहे. १९५६ च्या भारतीय विद्युत नियमांतला ४५ वा नियम असं सांगायचा, की ग्राहकाच्या जागेत वायरिंगमध्ये भर घालणं, बदल किंवा दुरुस्ती करणं हे परवानाधारक ठेकेदाराने, पात्रतेचा दाखला असलेल्या माणसाच्या देखरेखीखाली करायचं काम आहे. बल्ब, पंखा, फ्यूज, स्विच जसाच्या तसा बदलणं तेवढं यातून वगळलेलं. २०१० च्या केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या विनियमांतही तोच आशय आला. म्हणजे बल्ब बदलणं घरच्या माणसाचं काम, पण दिवा वाढवणं नाही. हे ऐकून शेतमजुरीवर चालणाऱ्या घरातला माणूस म्हणेल, एका दिव्यासाठी परवानाधारक ठेकेदार शहाद्याहून आणू का? त्याचा प्रश्न रास्त आहे. एवढ्याशा कामाला ठेकेदार येतही नाही. पण यावरून नियम निरर्थक ठरत नाही. काम वाटून घ्यावं लागतं, इतकंच ठरतं. दिवा कुठे हवा ते ठरवणं, भिंतीला पट्टी आणि डबे ठोकणं, पाइप पुरायला चर खणणं, अर्थिंगचा खड्डा काढणं, यात मजुरीचा मोठा भाग जातो आणि ते सगळं घरचे करू शकतात. बोर्डातली जोडणी आणि तपासणी मात्र शिकलेल्या हातांनी व्हावी. आयटीआयमध्ये इलेक्ट्रिशियन आणि वायरमन हे दोन-दोन वर्षांचे अभ्यासक्रम आहेत. ते शिकलेली मुलं तालुक्यात असतात, त्यांना पूर्ण परवाना मिळवून देऊन गावपातळीवर अशी छोटी कामं करू देण्याची सोय शासनाने केली पाहिजे. ‘गावातल्या हुशार पोराने’ केलेलं काम स्वस्त पडतं ते तो तपासणी करत नाही म्हणून.

तपासणी म्हणजे नेमकं काय, हे घरच्यांनाही माहीत असावं, म्हणजे ते मागता येईल. मेन बंद करायचा. टेस्टर आधी चालू जागेवर लावून तो चालतो याची खात्री करायची, मग बंद वायरवर, मग पुन्हा चालू जागेवर. नवी वायर बोर्डात जोडण्याआधी मेगर या इन्सुलेशन मोजणाऱ्या उपकरणाने, ५०० व्होल्टवर, तिचं इन्सुलेशन बघायचं. एक मेगाओहमच्या खाली असेल तर कुठेतरी आवरण सोललं गेलं आहे किंवा ओल आहे. बटण फेजवर आहे ना, ते बल्ब काढून होल्डरमध्ये बघायचं. हिरवी वायर दिव्यापासून अर्थिंगच्या पाइपापर्यंत अखंड आहे ना, ते मीटरने बघायचं. आरसीसीबीचं टेस्ट बटण दाबून ती पडते ना ते बघायचं. आणि शेवटी एलईडी लावण्याआधी त्याच होल्डरमध्ये शंभर वॉटचा पिवळा बल्ब थोडा वेळ लावून ठेवायचा. तो जर पूर्ण, स्थिर पेटला, तर वाट चांगली आहे. हे सगळं करायला दिवा बसवायला लागतो त्याहून फार वेळ लागत नाही.

राहता राहिला एक सल्ला, जो माझ्या म्हणण्याच्या विरुद्ध वाटेल, पण तो मला पूर्ण पटतो : काही जागी वायर न्यायचीच कशाला? घरापासून लांबच्या गोठ्याला, शेतातल्या खोलीला, परसातल्या शौचालयाला सौर दिवा किंवा चार्जिंगचा दिवा पुरतो. सातपुड्यातल्या दुर्गम पाड्यांसारख्या ठिकाणांसाठी सौभाग्य योजनेतही सौर संचाचीच तरतूद होती. बारा व्होल्टवर चालणाऱ्या दिव्याने कुणाला धक्का बसत नाही, आणि ओल्या जागेसाठी त्याहून मोठं संरक्षण नाही. अडचण बॅटरीची आहे. ती काही वर्षांनी थकते, नवी आणायला उशीर होतो, आणि त्या मधल्या काळात कुणीतरी घरातून वायर ओढतो, पत्र्यावरून, दोन वायरींची, चिकटपट्टी लावून. म्हणून गोठ्याचा किंवा शौचालयाचा पाया खणतानाच, चर उघडा असताना, घराच्या भिंतीपासून तिथपर्यंत एक इंची पीव्हीसी पाइप हातभर खोल पुरून टाकावा आणि त्याची दोन्ही तोंडं पाणी जाणार नाही अशी बंद करून ठेवावीत. दिवा सौर असो वा नसो, पुढे वायर न्यायची वेळ आलीच तर तिला जायला वाट असेल.